मचवेवाले चाचा आणि त्यांचे मेहमान

मचवेवाले चाचा माझ्या पनवेलच्या सायबर कॅफेत यायचे ते काखेत एक लाकडी मचवा घेऊन. हातभर लांबीचा, पण डोलकाठी, शीड, सुकाणू सगळं जिथल्या तिथे. त्याला चंद्रसाचं रोगण आणि माशाचं तेल लावलेलं असायचं, त्यामुळे आधी वास आत यायचा आणि मागून चाचा. खारघरच्या कॉलेजातली पोरं नाक दाबून माझ्याकडे बघायची. मी सांगायचो, "पंखा वाढवून देतो, पण गिऱ्हाईक कमी करणार नाही." चाचा ऐकून न ऐकल्यासारखं करत कोपऱ्यातल्या संगणकापुढे बसायचे, मचवा शेजारी टेकवायचे आणि एका बोटाने मराठी टाइप करू लागायचे.

चाचा मूळचे मोरा बंदरातले. वडील तिथे मचवे बांधणारे मिस्त्री होते. शिडाच्या मचव्यांचे दिवस सरले तसे चाचा आखातात गेले आणि उमेदीची सगळी वर्षं तिथे दारं-खिडक्या ठोकण्यात घालवली. दोन वर्षांतून एकदा सुट्टीवर यायचं, घरच्यांची सवय व्हायच्या आत परत जायचं. पनवेलच्या मोहल्ल्यातलं घर चाचींनी एकटीने उभं केलं, एकुलत्या मुलीला वाढवून म्हसळ्याला दिलं. पुढे शुगरने चाचींची नजर अधू झाली आणि चाचा कायमचे घरी आले. "आता जाणार नाय," असं त्यांनी चाचींना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "दर वेळेला हेच सांगून जाता." हे मला चाचांनीच सांगितलं, हसत हसत. मला काही हसू आलं नव्हतं.

तेव्हा इंटरनेट लोकांच्या खिशात आलेलं नव्हतं, ते माझ्यासारख्याच्या दुकानात तासावर मिळायचं. एकदा चाचांनी मला मचव्याचा फोटो शोधून द्यायला सांगितलं. वडिलांनी बांधला होता तसा, मोऱ्याच्या बाजूचा. मी बराच वेळ शोधलं. परदेशी जहाजं ढिगाने निघाली, मचवा काही निघेना. चाचा एकदम तापले. "सगल्या जगाची जहाजं हायत, आन् आमचा मचवा नाय? आमी काय पोहून जात होतो काय मुंबईला?" पनवेलच्या खाडीत एकेकाळी गलबतं लागायची हे मी नुसतं ऐकून होतो, या माणसाच्या घरात ती अजून लागत होती. त्यांचा राग शांत करायला म्हणून मी त्यांना फुकटात एक ब्लॉग काढून दिला.

राग शांत झाला नाही, कामाला लागला. लाकूड वाफेवर कसं वाकवायचं, फळ्यांच्या फटीत कापूस कसा ठासायचा, शिडाचा कोन वाऱ्याप्रमाणे कसा बदलतो, असं चाचा लिहीत सुटले. भाषा बोलण्यातलीच, विरामचिन्हांशी काही देणंघेणं नसलेली. आणि लोक येऊ लागले. बोटीवरून निवृत्त झालेले अधिकारी, शाळामास्तर, परदेशात राहून कोकणासाठी झुरणारे इंजिनिअर. लहान लाकडी बोटी करण्याचं वेड असलेले एवढे लोक जगात आहेत हे मला माहीतच नव्हतं. चाचा त्यांना 'मेहमान' म्हणायचे. "आज किती मेहमान आले, भाऊ?" हा आल्या आल्या पहिला प्रश्न. भारनियमनात वीज गेली की कॅफे रिकामा व्हायचा, चाचा मात्र काळ्या पडद्यासमोर बसून राहायचे. म्हणायचे, "थांबतील मेहमान. घर सोडून मी कुटं चाललो?"

मेहमानाने काही विचारलं आणि चाचांनी सांगितलं नाही असं कधी झालं नाही. एकाला मचव्याच्या बांधणीचा नकाशा हवा असायचा, चाचा कागदावर काढून, माझ्याकडून स्कॅन करून घेऊन पाठवायचे. दुसऱ्याला सागवानाचे तुकडे कुठे मिळतील ते हवं असायचं, चाचा वखारवाल्याचं नाव आणि त्याच्या जेवणाची वेळसुद्धा कळवायचे. मी म्हणायचो, "चाचा, तुम्ही ब्लॉग काढलाय की सदावर्त घातलंय?" ते म्हणायचे, "इलम हाय तो भाऊ, कोंडून ठेवला तर कुजतो."

मग एका दुपारी चाचा मचव्याशिवाय आले. तेवढ्यानेच मला चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. आखातातल्या जुन्या फोरमनचा फोन आला होता, जागा रिकामी होती आणि ईदपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. साठवलेलं सगळं मुलीच्या लग्नात आणि चाचींच्या औषधपाण्यात गेलं होतं. चाचा बराच वेळ खुर्चीच्या हाताची फळी नखाने खरवडत बसले. मग म्हणाले, "भाऊ, ह्या मेहमानांतले थोडे तरी गिऱ्हाईक होतील काय? महिन्याला दोन मचवे गेले ना, तरी मी जात नाय. तिला आता चुलीवरचा तवा दिसत नाय नीट. तिला टाकून कसा जाऊ?"

"दोन काय, दहा जातील," मी म्हणालो. आपल्या तोंडाला कुणी कर लावत नाही.

मी ब्लॉगवर विक्रीचं पान उघडलं. किंमत, फोन नंबर, चार बाजूंनी फोटो. नकाशा अर्धाच दाखवायचा आणि उरलेल्या अर्ध्यासाठी पैसे लावायचे अशी माझी एक युक्ती होती. दुसऱ्याच दिवशी चाचांनी कुणाच्या तरी प्रश्नाला उत्तर देताना उरलेला अर्धा नकाशा टाकून दिला. मी कपाळाला हात लावला. मेहमानांचं तर काय विचारता! 'अप्रतिम', 'शब्द नाहीत', 'चाचा, तुमच्या कलेला सलाम'. सलामांचा नुसता पाऊस पडला, पण सलाम दाखवून औषधाच्या दुकानात इन्सुलिन मिळत नाही.

तरी हळूहळू कुठून कुठून विचारणा येऊ लागली. नागपूरहून एका कुलकर्ण्यांनी लिहिलं, पैसे पाठवतो, मचवा कुरिअर करा. मी आनंदाने ओरडलोच. चाचा शांतपणे म्हणाले, "त्यांना सांगा, येऊन घेऊन जा." मला वाटलं मोडतोडीची भीती असेल. ते कारणच नव्हतं. मोऱ्याला त्यांच्या वडिलांच्या कामाची एक रीत होती. बोट बांधून झाली की तिच्या मालकाने स्वतः हात लावून ती पाण्यात लोटायची. मालक केवढाही मोठा शेट असो, चिखलात उतरायचा. "त्याच्या हातानं पाण्यात गेली नाय तवर ती मिस्त्रीचीच. दुसऱ्याला देता येत नाय," चाचा म्हणाले. मी वैतागून म्हणालो, "अहो चाचा, हा शोभेचा मचवा आहे. ते काचेच्या कपाटात ठेवणार." "ठेवू दे की," चाचा म्हणाले, "पयला पाण्यात उतरवू दे, मंग ठेवू दे."

आता याला काय म्हणावं? अडेलतट्टूपणा म्हणावा तर जे कुणी येत ते रिकाम्या हाताने परत जात नसत हेही मी पाहिलं होतं. ठाण्याचे एक निवृत्त बँकवाले नुसते बघायला म्हणून आले होते. चाचांनी त्यांना बाह्या वर करायला लावून घरामागच्या सिमेंटच्या हौदाशी नेलं. गृहस्थांनी मचवा पाण्यात सोडला, तो जरासा डुलला आणि सरळ उभा राहिला. ते चष्मा पुसत बसले, आणि जाताना दोन मचवे घेऊन गेले. पण नागपूरचा, बंगळूरचा, परदेशातला माणूस एका मचव्यासाठी पनवेलला कशाला येईल? ईद तर जवळ येत चालली होती.

शेवटी मी चाचींकडे गाऱ्हाणं घेऊन गेलो. त्या पडवीत बसून मचव्याचं शीड शिवत होत्या, दिसण्यापेक्षा चाचपडूनच जास्त. मला आधी सुईत दोरा ओवून द्यायला लावला आणि मग सगळं ऐकून घेतलं. ऐकून झाल्यावर आत वळून चाचांना म्हणाल्या, "मालक येत नाय तर मालकीण उतरवील. मी हाय ना."

"तू कुटली मालकीण?" चाचा बाहेर येत म्हणाले. "घेणारा दुसरा."

चाचींनी शीड मांडीवर ठेवलं. आवाज अजिबात चढवला नाही. "तुमी तिकडं होतात तवा ह्या घराची, पोरीची, सगल्याची मालकीण मीच होते ना? तवा चालली. आता एका खेळण्याला चालत नाय?"

चाचा मागे हौद भरायला गेले. मी आपला ओवलेल्या दोऱ्याला गाठ मारत बसलो.

कुलकर्ण्यांचा मचवा चाचींनी उतरवला. चाचांनी तो त्यांच्या दोन्ही हातांत दिला, चाचींनी विचारलं, "कुणाचा?" आणि मग मोठ्याने म्हणाल्या, "बिस्मिल्ला. नागपूरच्या कुलकर्ण्यांचा." पाणी कुठे लागतंय ते बोटांनी अजमावत त्यांनी तो अलगद सोडला. मी फोटो काढला. सुरकुतलेले दोन हात, हिरव्या बांगड्या, पाण्याला नुकताच टेकलेला मचवा. तो फोटो ब्लॉगवर टाकला आणि खाली घडलं ते चार ओळींत लिहिलं.

माझ्या विक्रीच्या पानाला जे जमलं नव्हतं ते त्या फोटोला जमलं. जे नुसते सलाम ठोकून जात तेच आता विचारू लागले, आमचाही मचवा चाचीच उतरवणार ना? आमचं नाव घेणार ना? प्रत्येकाला आपल्या नावाचा फोटो हवा होता. महिन्याला दोन म्हणता म्हणता चाचांना हात पुरेनात. ईदच्या आधीच त्यांनी माझ्या कॅफेतून फोरमनला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "नहीं आता, साब. इधर ही काम है." मग बाहेर जाऊन जिलबी घेऊन आले. नाक दाबणाऱ्या पोरांनीही ती बोटं चाटून खाल्ली. चाचांना इतकं खूश मी आधी कधी पाहिलं नव्हतं, नंतर तर नाहीच.

ईद झाली आणि थोड्याच आठवड्यांत चाची गेल्या. दुपारी मोरीशी पडल्या, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मी पोचलो तेव्हा पडवीत एक मचवा शीड न लावलेला तसाच होता आणि चाचा येणाऱ्या प्रत्येकाला पाणी विचारत होते. कुणीतरी त्यांना धरून खाली बसवलं. मला रडू आवरेना आणि ते माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिले. सांत्वन कुणी कुणाचं करायचं याची सगळी उलटापालट झाली होती.

मी ब्लॉगवर बातमी लिहिली. मेहमान खरोखर चांगले होते. कुणी पैसे परत मागितले नाहीत, सगळ्यांनी लिहिलं की सावकाश करा, आम्ही थांबतो. काहींनी तर कळवलं, आम्ही स्वतः येतो, स्वतः उतरवतो. चाचांना हवं होतं तेच आता घडत होतं. पण कुणी आलं की ते पडवीतूनच सांगायचे, "अजून झाला नाय." आत फळीवर चार-पाच मचवे तयार उभे असायचे. म्हसळ्याहून मुलगी आली होती, ती म्हणाली, "अब्बा, मी उतरवते ना." चाचा तिला म्हणाले, "तुजं घर तिकडं हाय बेटा, तू तुजं बघ." ती बिचारी रडत परत गेली.

बऱ्याच दिवसांनी चाचा कॅफेत आले, रिकाम्या हातांनी. मी त्यांना आलेल्या सगळ्या मागण्या दाखवल्या. आजवर कधी नव्हत्या इतक्या होत्या. त्यांनी एकेक ओळ बोटाखाली धरून वाचली, शेवटपर्यंत. मग म्हणाले, "फोरमनला फोन लावून देता काय?"

मला कळेचना. "चाचा, आता कशाला? महिन्याला दोन म्हणाला होतात तुम्ही. इथे वर्षभराचं काम पडलंय!"

"ते तिच्याजवल राहायला पायजे होतं, भाऊ," चाचा म्हणाले. "मचवे विकायला मी थोडाच थांबलो होतो?"

मी फोन लावून दिला. सुताराची जागा भरली होती, पण फोरमनने जुन्या ओळखीवर गोदामात रखवालदाराचं काम बघून दिलं. चाचांनी लोकांचे आलेले पैसे माझ्याकडून एकेकाला परत करवले, तयार मचवे मोहल्ल्यातल्या मुलांना वाटले आणि घराची किल्ली मुलीला पाठवून दिली. ब्लॉगवर काय लिहायचं ते विचारलं तर म्हणाले, "तुमाला बरं वाटेल ते लिवा." मी लिहिलं, मागण्या घेणं बंद केलं आहे. कारण लिहायला गेलो तर लिहवेना.

विमानतळाला जाणाऱ्या टॅक्सीपर्यंत मी त्यांची बॅग उचलून नेली. मोहल्ल्यातून आखातात जाणाऱ्या प्रत्येकाला निघताना लोक एकच गोष्ट विचारतात, तीच माझ्याही तोंडून निघाली.

"परत कधी येणार, चाचा?"

चाचा टॅक्सीत बसले होते. त्यांनी जरा विचार केला, खरंच आठवून बघत असल्यासारखा.

"कुणाकडं, भाऊ?"

मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या, ड्रायव्हर घाई करत होता. मी टॅक्सीचं दार लावलं.