दम्याची ओळ

ऑनलाइन विश्वकोशात एका जुन्या बंदिशकार बुवांचं चरित्र मी हौसेनं संपादित करतो आहे. पुरावा नसलेली वाक्यं काढायची, फाफटपसारा गाळायचा. 'त्यांना लहानपणापासून दमा होता' या ओळीला एका छापील स्मरणिकेचा पुरावा होता, तरी मी ती गाळली. दम्याचा संगीताशी काय संबंध?

अडलं ते बंदिशींच्या यादीपाशी. बुवांनी आपल्या बंदिशींतही स्वतःचं नाव न घालता गुरूंचंच गुंफलं होतं. मग गुरूंच्या कुठल्या आणि बुवांच्या कुठल्या, हे ठरवायचं कसं? शेवटी बुवांच्या शिष्या माई, आता ऐंशीच्या घरातल्या, त्यांना विचारायला गेलो.

"कागद नाहीत हो माझ्याकडे," माई म्हणाल्या. "पण गाताना कळतं. बुवांना श्वास पुरायचा नाही. त्यांच्या बंदिशीत तो घ्यायला जागा असते."

आणि त्यांनी एक बंदिश म्हणून दाखवली. प्रत्येक ओळीत सूर एका जागी जरासा विसावत होता, आणि ते विसावणं इतकं देखणं होतं की ते धापेतून आलंय हे मला खरंच वाटेना. बुवा जाऊन कितीतरी वर्षं झाली. त्यांची धाप या म्हातारीला अजून सांभाळत होती. पुढच्या ओळीला मीही नकळत तिथेच श्वास घेतला.

माईंचा शब्द विश्वकोशात पुरावा म्हणून चालत नाही. यादी मी कोरीच ठेवली. दम्याची ओळ मात्र परत घातली. बालपणात नाही, 'संगीतरचना' या मथळ्याखाली.