वाणात गेलेली भेदरं

टमाटरला आमच्या गावाकडे भेदर म्हणतात. आमच्या परसातली भेदरं बाजारात विकण्यासारखी कधीच नव्हती. चपटी, कडेनं खोल घड्या पडलेली, देठाशी शेवटपर्यंत हिरवी, आणि इतकी आंबट की चटणीत चिंच लागत नसे. आईला ती सासरी आल्यावर मिळाली, तेव्हापासून तिनं त्यांचं बी मोडू दिलं नाही.

त्या दिवाळीत मी गावी गेलो तेव्हा घर जवळजवळ रिकामं झालं होतं. आईचे गुडघे गेले होते. ती माझ्या बहिणीकडे, नागपूरला तिसऱ्या मजल्यावर राहायला निघाली होती. भावानं गाडी उभी करायला परसात सिमेंट ओतलं होतं. मी निघालो तेव्हा आईनं माझ्या पिशवीत कापडाची एक गुंडाळी खुपसली.

“बी हाय. आता दुसरीकडं कुठंच नाही, एवढंच हाय. तुह्याकडं माती हाय ना?”

“आहे. घरमालकांच्या अंगणात.”

“मंग थंडी सरली का पेरजो. आन् मले एक भेदर खाऊ घालजो. बाकी काही नोको मले.”

आई बी पुडीत ठेवत नाही. पिकून मऊ झालेलं भेदर जुन्या लुगड्याच्या तुकड्यावर पिळते, बोटानं पसरते, सावलीत वाळवते. बी कापडाला चिकटून बसतं. पेरायच्या वेळी चिंधी फाडायची आणि चिंधीसकट मातीत ठेवायची. कोणी सांगितलं नाही तर ते कापड भांडं पुसून टाकून दिल्यासारखंच दिसतं.

आणि मी कोणाला सांगितलं नाही.

मी जबलपूरला, महाराजपूरच्या बाजूला, एका मराठी घराच्या मागच्या खोलीत राहतो. घरमालक काका फॅक्टरीतून रिटायर झालेले. नववीत शाळा सुटली आणि मी इथं आलो, तेव्हा या शहरात माझं कोणी नव्हतं. काकांनी मदन महलजवळच्या सोफ्याच्या दुकानात माझ्यासाठी शब्द टाकला. मला डेंग्यू झाला तेव्हा काकूंनी स्वतःच्या हातानं पेज भरवली. असं असताना अंगणात जागा मागायची म्हणजे वर आणखी एक उपकार. त्या घरात मी पाय वाजवूनसुद्धा चालत नाही. कापड दारामागच्या खिळ्याला अडकवलं आणि रोज सकाळी ठरवलं, आज विचारू.

मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी दुकानातून आलो तर खिळा रिकामा. अंगणातल्या तारेवर आईचं कापड वाळत होतं, स्वच्छ, पांढरं.

“काकू, हे कापड...”

“अरे, किती मळलं होतं ते! काहीतरी सडकं चिकटलेलं. दगडावर घासघासून काढलं. तुझी खोली पण झाडून दिली. घरात लक्ष्मी बसली आहे अन् दारामागे पोतेरं लटकून राहिलं!”

मी कापड हातात घेतलं. जिथं बी होतं तिथं फिकट पिवळे डाग उरले होते. तोंडातून एवढंच निघालं, “गरम पाण्यात धुतलं का?”

“फडक्याला कोण गरम पाणी घालते रे? नळाचंच. हात गोठून गेले माझे. चलो, प्रसाद घे.”

मी प्रसाद घेतला. छान झाला म्हणालो. गार पाण्यानं बी मरत नाही, एवढंच डोक्यात होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच धुण्याच्या दगडापाशी जाऊन बसलो. दगडावरचं पाणी लहानशा चरातून पेरूच्या झाडाच्या आळ्यात जातं. मी चराची माती बोटांनी चाळत होतो, तेवढ्यात काका दूध घेऊन आले.

“काय हरवलं?”

“शर्टाचं बटण.”

काकांनी दूध खाली ठेवलं, चष्मा लावला आणि माझ्याबरोबर उकिडवे बसून बटण शोधू लागले. मला तिथून उठून पळून जावंसं वाटलं.

मग कडाक्याची थंडी पडली. आळ्यात काहीच दिसेना. दर रविवारी आईचा फोन.

“पेरलं का?”

“थंडी आहे अजून.”

“बरं करून राहिला. घाई नोको करू.”

ती मला शाबासकी देत होती आणि मी पेरूच्या रिकाम्या आळ्याकडे बघत होतो.

संक्रांतीनंतर आळ्यात जोडपानं दिसली. एक पान चुरगाळून वास घेतला. भेदरच. पण कोणतं? काकूंचं भाजी धुतलेलं पाणीही त्याच आळ्यात जातं, आणि बाजारातलं एखादं टमाटर सडकं निघालं की त्या ते पेरूच्या बुडाशीच भिरकावतात.

आईला आडून विचारलं, “आपलं भेदर रोपात ओळखू येतं का?”

“रोपात सगळे सारखेच दिसते, लेकरासारखे. फुलात ओळखू येते. बाजारच्याले पाच पाकळ्या, फार तं सहा. आपल्याले सात-आठ, फूल कसं फुगलेलं. काहून? निंगालं का?”

“पाहून राहिलो.”

म्हणजे फुलापर्यंत श्वास धरून बसणं आलं. रात्री दव गोठून रोपं जळतील या भीतीनं मी दुकानातून नव्या सोफ्यावरचं प्लास्टिक आणून संध्याकाळी आळं झाकायचो. काकू हसायच्या, “इतकी तर माझ्या सासूबाईंनी पण पेरूची काळजी नाही केली.” ती वेळ चांगली होती. तेव्हाच सांगायला हवं होतं. रोपं चार बोटं उंच झाली तरी सांगायचं राहून गेलं.

रथसप्तमीला काकूंकडे हळदीकुंकू असतं. त्या संध्याकाळी मी फाटकापाशी आलो, तर बायका बाहेर पडत होत्या. प्रत्येकीच्या हातात चहाचं मातीचं कुल्हड, आणि कुल्हडात एकेक रोप.

पेरूचं आळं उघडंबोडकं. वर ताजं पाणी शिंपडलेलं, कडेनं रांगोळी.

“बघ, माझी आयडिया!” काकूंचा चेहरा आनंदानं फुलला होता. “दरवर्षी वाणात प्लास्टिकचे डबे काहून लुटायचे? देवानं अंगणात आपोआप टमाटरं दिली. सगळीच लुटली! एक नाही ठेवलं!”

मी पायरीवर बसलो. मग सांगितलं सगळं, कापड, आई, परसातलं सिमेंट, फुलाच्या पाकळ्या. मान वर न करता सांगितलं. बोलणं संपलं तेव्हा काकांनी चष्मा काढला.

“म्हणजे ते बटण...”

काकूंनी हातातलं तबक खाली ठेवलं. मग म्हणाल्या, “काहून सांगितलं नाही रे? मी तुला खाऊन टाकलं असतं?”

“तुमचं इतकं आहे माझ्यावर...”

“ते नको सांगू मला. तुझ्या आईचं बी माझ्या घरात लटकून राहिलं अन् तू मला ते पोतेरं वाटू दिलं. आता तिला मी काय तोंड दाखवू?”

त्या दिवशी त्यांनी मला रोजच्यासारखं समोर बसवून वाढलं नाही. ताट झाकून ठेवलं होतं. मला वाटलं, आता दुसरी खोली शोधावी लागणार.

सकाळी जाग आली ती काकूंच्या फोनवरच्या आवाजानं.

“दीदी, वो पौधा फेंकना मत. नहीं नहीं, खराब नहीं है. फूल आए तो पंखुड़ी गिनना.” स्पीकर चालू होता. पलीकडून प्रश्न आला, “गिनना क्यों? कोई व्रत है क्या?”

काकूंनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. “हाँ, व्रत ही समझो.”

मग एकेक बातमी येऊ लागली. एक रोप बकरीनं खाल्लं. एक बाल्कनीत करपलं. दोन घरी फुलं आली, पाचच पाकळ्या. एकीनं मोजून उलट फोन केला, “सहा आहे, चालेल का?” काकू बोटांवर हिशेब ठेवायच्या. फाटकातून आत शिरताना मी आधी त्यांचा चेहरा बघायचो, आणि त्या मान हलवायच्या, नाही. त्यापलीकडे आमचं बोलणं होईना. उन्हं तापायला लागली होती. उन्हात फूल टिकत नाही, गळून पडतं.

अशाच एका रविवारी आईचा फोन आला. मी नेहमीसारखं “पाहून राहिलो” म्हणायला लागलो, तर काकूंनी माझ्या हातातून फोन घेतला.

“ताई, मी घरमालकीण बोलून राहिली. तुमचं बी मी धुऊन टाकलं. चुकीनं. अन् जे निघालं ते लोकांना वाटून टाकलं.”

मी दाराची कडी धरून उभा होतो.

“धुतलंच ना?” आई म्हणाली. “जाळलं तं नाही? भेदर हाय ते, बाई. नालीत बी निंगते.”

काकूंनी फोन मला परत दिला आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या. त्या दिवशी पुन्हा समोर बसवून वाढलं.

चैत्र निम्मा झाला तेव्हा अधारतालकडची एक बाई पिशवी घेऊन आली. वाणाच्या दिवशी मी तिला पाहिलं होतं. बसायच्या आधीच सुरू झाली.

“काकू, हे काय दिलं तुम्ही मला? बाकीच्यांना छान गोल गोल लागले, माझ्याच नशिबी हे! पाकळ्या मोजायला मला टाइम नाही मिळाला, पण हे बघा. फाटलं आहे का सडलं आहे, काही समजत नाही. वरून हिरवं अन् खालून गळायला आलं.”

तिनं ते टेबलावर ठेवलं. चपटं. कडेनं खोल घड्या. देठाशी हिरवं.

काकूंनी भेदराकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

“बस,” काकू त्या बाईला म्हणाल्या आणि तिचे दोन्ही हात धरले. “बस तू. चहा करते. हे मला दे, अन् झाड उपटू नको.”

“उपटते कशाला? अजून तीन आहेत त्याला, अशीच वाकडी. पाहिजे तर घेऊन जा सगळी.”

ती गेल्यावर काकूंनी कपाटातून आपली जुनी सुती साडी काढली आणि पदराकडचा तुकडा फाडला. “तू पसर. माझ्या हाताचा भरवसा नाही.” मी म्हटलं, तुम्हीच पसरा. त्यांनी बोट हळूहळू फिरवत बी पसरलं. काका मागून वाकून बघत होते. “याला कोणी हात लावायचा नाही,” काकू त्यांना म्हणाल्या, जणू धुतलं त्यांनीच होतं.

झाडावर उरलेल्यांतलं पहिलं भेदर रंगाला लागलं तसं मी नागपूरचं तिकीट काढलं. दुकानातून फोमचा तुकडा आणला, मधोमध कापून खळगा केला आणि मिठाईच्या डब्यात बसवला. निघायच्या सकाळी डबा घेऊन अंगणात आलो, तर काकू चांगली साडी नेसून पायरीवर बसलेल्या, शेजारी पिशवी.

“कुठं निघाल्या?”

“तुझ्यासोबत. तोंड दाखवायचं आहे ना.” त्यांनी हात पुढे केला. “आण तो डबा. तू गाडीत झोपशील अन् दाबून टाकशील.”