बाबांची ठासणीची बंदूक

बार्शीटाकळीजवळच्या आमच्या शेतात रानडुकरं उतरत. पीक राखायला म्हणून बाबांकडे परवाना होता आणि एक जुनी ठासणीची बंदूक. तिला तयार काडतूस लागत नाही. नळीच्या तोंडातून बंदुकीची दारू ओतायची, वर चिंध्यांचा बोळा गजानं ठासायचा. नुसता बार काढला तरी डुकरं पळत.

बंदूक भरायला बाबा मागच्या अंगणात बसत. त्या वेळी आईनं गॅस बंद ठेवायचा, कोणी विडी ओढायची नाही, त्यांच्याशी बोलायचंही नाही. दारू मापात घेतली की डब्याचं झाकण लगेच लागायचं. आम्ही हसायचो, पण ऐकायचो.

दोन वर्षांपूर्वी मी सुट्टीत अमरावतीहून घरी गेले होते. तुरीला शेंगा धरल्या होत्या. दुपारी बाबा बंदूक भरत असताना नांदगाव पेठेहून भावाचा फोन आला. बाबांना कमी ऐकू येऊ लागलं होतं, म्हणून आवाज नीट यावा यासाठी ते रेंज शोधत, बोलत बोलत पार रस्त्यापर्यंत गेले. परत आले, बसले, माप भरून नळीत ओतलं, बोळा ठासला. मग गज हातात धरून तसेच थांबले.

"काहून थांबले, बाबा?"

"फोनच्या आधी मी दारू टाकली होती का वं?"

"मले नाही माहीत. मी आत होती."

त्यांनी गज पुन्हा नळीत सोडला. दारू बरोबर पडली की गजावरची खूण नळीच्या तोंडाशी यायची. ती चांगली चार बोटं वर राहिली. दारू दोनदा पडली होती, बोळेही दोन. एवढा बार त्या जुन्या नळीला सोसला नसता. नळी फुटली असती, आणि बार काढताना ती बाबांच्या गालाजवळच असते.

"टोपी लावली नाही ना?" आईनं दारातूनच विचारलं. ठिणगी पाडणारी ती टोपी अजून डबीतच होती.

"नाही लावली."

आई तिथंच उंबरठ्यावर बसली.

बाबांनी अकोल्याच्या बंदूकवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, नळीत पाणी ओता, तोंड माणसांकडे करू नका आणि उद्या घेऊन या. बाबांनी तांब्या भरून पाणी ओतलं. एक थेंबही सांडला नाही.

दुसऱ्या दिवशी काकाच्या गाडीनं आम्ही अकोल्याला गेलो. बंदूकवाल्यानं गजाला पेच लावून एक बोळा ओढून काढला, मागून काळा चिखल आला. मग दुसरा बोळा, पुन्हा चिखल. शेवटी त्यानं रिकाम्या नळीत बॅटरीचा उजेड टाकून दाखवला. बाबांनी एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं. मग बाकावर टेकले आणि हसायलाच लागले. मलाही हसू आवरेना.

मी आईला फोन केला. ती म्हणाली, "बाबाले सांग, ते बंदूक तिकडंच ठेवून या."

"ठेवतो म्हणावं तिले," बाबा म्हणाले. "आता माह्या ध्यानात राहत नाही. ते बॅटरीवरचं झटका मशीन लावू कुंपणाले, डुक्कर तारेले शिवलं की पळते."

रीतसर सही करून बंदूक त्यांनी तिथंच जमा केली. गाडीत बसल्या बसल्या त्यांना झोप लागली. फाट्यावर काकानं चहासाठी गाडी थांबवली, तरी आम्ही त्यांना उठवलं नाही.