मन्मथअप्पाची मुकी पेटी

मन्मथअप्पा पेटी दुरुस्त करायला बसला की आधी पेटी उघडायचाच नाही. वाजवणाऱ्याला समोर बसवायचा आणि म्हणायचा, "भाता मारू नका. नुसती बोटं चालवा." भात्याची हवा नाही तर पेटी वाजणार कशी? ती मुकी. पट्ट्यांची नुसती टकटक. अप्पा मान वाकडी करून बोटांकडे बघत राहायचा. भजनाच्या बाया पदराआड हसायच्या. तो म्हणायचा, "हसा. सूर लपवालपवी करतो, बोट न्हाई करत."

त्याचं दुकान नांदेडला, गाव मुखेड. मुखेड म्हणजे माझ्या बायकोचं माहेर, म्हणून पार्वती त्याची अक्का आणि मी दाजी. अधूनमधून एस.टी.नं लातूरला यायचा, आमच्याकडंच जेवायचा. पार्वती गल्लीतल्या मारुतीच्या देवळात बायांच्या भजनाला पेटी वाजवायची. माझा जन्म डाळ मिलमध्ये गेला, मला सुरातलं काही कळत नाही. पण एवढं कळायचं की अप्पा येऊन गेला की पार्वती वेगळी वाजवते.

एकदा पट्ट्या जड झाल्या होत्या, ती ओढून ओढून वाजवत होती. अप्पानं पट्ट्या काढून पुसल्या, स्प्रिंगा सारख्या केल्या. संध्याकाळी तीच बाई, तेच भजन, आणि बोटं अशी पळायला लागली की मी म्हटलं, "अप्पा, काय जादू केलीस?"

"जादू कशाची दाजी? पट्टी जड असली की माणूस तिच्याशी भांडत बसतं. भांडण मिटलं, गाणं आलं."

असा माणूस. माझा त्याच्यावर जीव होता, हे आधी लिहून ठेवतो.

पुढं काही वर्षांनी तो आला, पार्वतीला मुकी पेटी वाजवायला लावली, आणि या खेपेला काही बोललाच नाही. मला म्हणाला, "दाजी, जरा चहा सांगून या." मी चौकातल्या हॉटेलात गेलो. परत आलो तर दोघं गप्प. मला वाटलं माहेरचं काही असेल.

तेव्हापासून पेटी बिघडली. वाजताना फुसफुस हवा सोडायची. अप्पा दर खेपेला दुरुस्त करायचा आणि ती आणखी फुसफुसायची. एकदा देवळात सगळ्या बायांसमोर मी म्हटलं, "काय अप्पा, नांदेडहून इतक्या लांब येऊन पेटीला दमा लावून जातोस व्हय?" सगळ्या हसल्या. अप्पा खाली बघून म्हणाला, "चुकलं दाजी." पार्वती म्हणाली, "राहू द्या हो. मला अशीच बरी वाटती." मी गावभर सांगत फिरलो की अप्पाचा हात गेला. औश्याच्या, लातूरच्या भजनवाल्यांनी त्याला पेट्या देणं बंद केलं.

घरात भाकरीच्या जागी खिचडी आली. "तुमच्या दातांना सोपी," असं ती म्हणायची. मी खात होतो.

एक दिवस तिच्या हातातून पाण्याचा तांब्या सुटला आणि परत उचलता आला नाही. तेव्हा दवाखाना. शिरांचा आजार, बोटांपासून सुरू होऊन अंगभर चढणारा. डॉक्टर माझ्यावर डाफरला, "बोटांतली ताकद कधीची जातेय, एवढे दिवस काय करत होतात?" उत्तर नांदेडला दुकानात बसलं होतं.

ती गेली. तेराव्यानंतर अप्पा आला. पिशवी खाली ठेवून म्हणाला, "दाजी, पेटी द्या. स्प्रिंगा पहिल्यासारख्या करून देतो."

"पहिल्यासारख्या म्हणजे?"

"मीच ढिल्या करत होतो. अक्काच्या बोटानं पट्टी दबंना. दर खेपेला थोडी थोडी ढिली केली. ढिली झाली की खालचं चामडं नीट बसत न्हाई, हवा सुटती."

"अन् मला?"

"तिनं देवाची आण घातली. म्हणाली, त्यांना कळलं तर पेटी माळ्यावर टाकतील अन् मला दवाखान्यात."

"टाकलीच असती! मला बायको पाहिजे होती, अप्पा."

"तिला पेटी पाहिजे होती, दाजी."

मी त्याला घराबाहेर काढलं. उंबऱ्यावरून म्हणाला, "मला काय म्हणायचं ते म्हणा, पण पेटी अशी ठेवू नका. खराब होईल." मी म्हटलं, हात लावायचा नाही.

या उन्हाळ्यात अप्पा वारला. त्याच्या सुनेनं फोन केला होता. मी मातीला गेलो नाही. चांगला माणूस होता, असं आता सगळे म्हणतात. होताच. पण माझ्या घरात बसून, माझी भाकरी खाऊन, माझ्या बायकोचं मरण त्यानं माझ्यापासून लपवलं. आणि तिनंही. तिच्यावर रागवायला ती नाही. म्हणून सगळा राग त्याच्यावर, आणि आता तोही नाही.

पेटी तशीच आहे. कधी झाकण उघडतो. भाता मारत नाही, मला येतही नाही. पोती ओढून जाड झालेलं माझं बोट पट्टीवर नुसतं टेकवतो. दाबायच्या आधीच पट्टी खाली जाते. एवढंच बळ तिच्या बोटात उरलं होतं. अप्पाला ते बरोबर माहीत होतं.

मी शेजारी झोपत होतो.