त्रिशलाचा चौका

गडमुडशिंगीच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, चातुर्मासाला दिगंबर मुनी महाराज आले आणि बाबासोनं सगळ्या श्रावकांसमोर दारू सोडण्याचा नियम घेतला. महाराजांनी मोरपिसांची पिंछी डोक्यावर टेकवली, तसा गडी हुंदके देऊन रडला. लोक गहिवरले. त्याची बायको त्रिशला मात्र कोरड्या डोळ्यांनी बघत होती. हे रडं तिच्या ओळखीचं होतं. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतानाही तो असाच रडला होता, आणि त्याच आठवड्यात शाहूपुरीत एका दुकानाच्या पायरीवर पडलेला सापडला होता.

तरी या खेपेला तिनं विश्वास ठेवला. दारू पिणाऱ्याच्या घरी महाराज आहार घेत नाहीत, म्हणून इतक्या वर्षांत तिच्या घरी कधी चौका, महाराजांच्या आहाराचा सोवळ्यातला स्वयंपाक, लागला नव्हता. जावा, शेजारणी महाराजांना आहाराला बोलवायला नवऱ्यासोबत कलश घेऊन आपापल्या दारात उभ्या राहायच्या, आणि ही त्यांच्याकडं गहू निवडायला जायची. तिला टोचून कुणी बोलत नसे. बोलायची गरजच काय, सगळ्या गावाला ठाऊक होतं. आपल्या हातचा घास एकदा तरी महाराजांच्या ओंजळीत पडावा, एवढंच तिला हवं होतं. बाईनं जन्मात मागितलं ते एवढंच, आणि तेही या माणसाच्या भरवशावर!

बाबासोनं खरोखरच सोडली. रात्री घामानं भिजायचा, हात थरथर कापायचे, जेवण जायचं नाही, पण तोंडाला वास नव्हता. दसरा झाल्यावर त्रिशलानं हिय्या करून चौका लावला. विहिरीचं पाणी गाळून आणलं, सोवळ्यात स्वयंपाक केला. कलश घेऊन दोघं दारात उभी राहिली, आणि महाराज खरंच तिच्या दारापुढं थांबले.

"नमोस्तु, नमोस्तु!" तिचा आवाज चिरकला.

रीतीप्रमाणं दोघं महाराजांना प्रदक्षिणा घालू लागली. नवरा पुढं, ती मागं. पहिल्याच फेऱ्यात तिला दारूचा वास आला.

"अवो, काय केलासा ह्ये?" ती पुटपुटली.

"हात लई कापत हुतं गं," तो मान न वळवता म्हणाला. "कलश पडला असता की. एकच घोट घेतला, वैरणीच्या खोलीत."

महाराज आत आले. पाय धुऊन झाले. आता दोघांनी हात जोडून म्हणायचं होतं, मन शुद्ध, वचन शुद्ध, काया शुद्ध, आहार-पाणी शुद्ध. त्याशिवाय महाराज ओंजळ पुढं करत नाहीत. दिवसातून एकदाच जेवणारा म्हातारा जीव. खरं सांगावं तर उपाशी परत जाणार, आणि का गेले ते गावभर होणार. बाबासो खाली मान घालून उभा राहिला. त्याच्या तोंडून शब्द फुटेना.

त्रिशलानं म्हटलं. दोघांच्या वाटचं तिनं एकटीनं, खणखणीत आवाजात म्हटलं.

महाराजांनी ओंजळ केली. ज्या घासासाठी ती झुरली होती तो तिनं दिला, आणि तिला कसलाच आनंद झाला नाही. नुसती भीती वाटली. घास कधी संपतात असं तिला झालं.

दुपारभर बायका येऊन पाया पडून गेल्या. "भाग्याची गं तू," म्हणाल्या.

दिवेलागणीला बाबासो वैरणीच्या खोलीतून बाटली घेऊन आला. एरवी बाहेर पिऊन येणारा माणूस आज सरळ चुलीपुढं येऊन बसला.

"अवो, नियम घेतलाय तुम्ही," ती म्हणाली.

त्यानं तिच्याकडं बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, उलट माया होती. त्याचाच तिला जास्त धसका बसला.

"म्हाराजांम्होरं मी गप बसलो हुतो, त्रिशला. खोटं तू बोललीस. आता तुझ्यापास्नं काय लपवायचं? पेला आण की."

तिनं उठून पेला धुतला आणि त्याच्यापुढं ठेवला.