ऐकवलेली प्रार्थना

गेल्या वर्षी माझ्या धाकट्या बहिणीला पुण्याच्या एका इस्पितळात नर्सची नोकरी मिळाली. ती इथे रत्नागिरीत पप्पांजवळ राहायची. आई गेल्यावर पप्पांना पक्षाघात झाला, उजवी बाजू लुळी पडली. तेव्हापासून त्यांचं सगळं तीच बघत होती. माझं सासर दोन गल्ल्या सोडून. ती गेली असती तर पप्पांना माझ्याकडे आणावं लागलं असतं, आणि मला ते नको होतं. हे मी कुणाला बोलले नाही. उलट तिला म्हणाले, "जा गं, संधी सोडू नकोस."

त्या रविवारी संध्याकाळी पप्पांच्या घरी प्रार्थना होती. चर्चच्या मंडळीतली चार-पाच माणसं आली होती. गीत झालं, वचन वाचून झालं, आणि पाळकांनी मला प्रार्थना करायला सांगितलं. मी डोळे मिटले.

"प्रभू, माझ्या बहिणीला योग्य निर्णय घ्यायला मदत कर. ज्या बापाने हाताला धरून चालवलं त्याला म्हातारपणी एकटं पडू देऊ नकोस. पैशाच्या मोहापासून तिला दूर ठेव."

माझा आवाज भरून आला. तो खरंच आला की मी आणला, हे मला आजही सांगता येत नाही. सगळे 'आमेन' म्हणाले. बहिणीचा आवाज काही ऐकू आला नाही.

तिने नोकरी नाकारली. मला हायसं वाटलं.

पुढे एकदा मी पप्पांना पेज भरवत होते. जड जिभेने त्यांनी विचारलं, "त्या दिवशी प्रार्थना कुणाला केलीस? देवाला, की तिला?"

मी चमचा पुढे केला. त्यांनी तोंड उघडलं नाही.

देवाचं नाव व्यर्थ घेऊ नये, हे मी लहानपणी संडे स्कूलमध्ये घोकलं होतं. उठसूट शपथा घेऊ नयेत, एवढाच त्याचा अर्थ मी धरून बसले होते.

बहीण मागच्या पडवीत बांगडे साफ करत होती. तिच्यासमोर बसून मी सांगून टाकलं, "पप्पा माझ्याकडे यायला नकोत म्हणून मी तसं बोलले."

"कळलं होतं मला," ती मान वर न करता म्हणाली.

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"तू देवाशी बोलत होतीस, ताई. लोकांसमोर मी मध्ये काय बोलणार? मला सरळ म्हणाली असतीस, मला जमणार नाही, तर आपण दोघींनी काहीतरी मार्ग काढला असता."

मी तिला पुण्याला फोन करायला लावला. ती जागा भरली होती.

आता पप्पा एक महिना माझ्याकडे असतात, एक महिना तिच्याकडे. तिने पुन्हा कुठेतरी अर्ज केलाय, हे मला पप्पांकडून कळलं. कुठे केलाय, ते तिने मला सांगितलेलं नाही. मीही विचारलं नाही.