इस्मेनची सावड

केळीचा घड डोक्यावरून अलगद उतरवण्यात मा इस्मेनचा हात धरणारी बाई आमच्या डॉमिनिका बेटावर नव्हती. याच केळीवर तिने पोरगी शिकवली, नवऱ्याचं आजारपण काढलं.

मग दूरदेशीच्या कुठल्याशा कचेरीत निवाडा झाला, की इंग्लंडने आमच्या केळ्यांना झुकतं माप देऊ नये. मोठमोठ्या मळ्यांची स्वस्त केळी तिकडे शिरली. आमच्या डोंगरउतारावरच्या बागा त्यांच्यापुढे काय टिकणार? गाव रिकामं होत चाललं. इस्मेन मात्र हटून बसली. "केळी न्यायला बोट येतेय तोवर बाग आहे," म्हणायची. मला तिचा रागही यायचा आणि रडूही.

बाग म्हातारी झाली होती, बुंध्याशी फुटलेले मुनवे काढून नव्याने लावायला हवे होते. तिने सावड बोलावली. सावडीला मजुरी नसते. घरधनीण जेवू घालते, आणि जो तुमच्या रानात राबला त्याच्या हाकेला तुम्ही जायचंच. इस्मेन जन्मभर साऱ्या गावाच्या रानात राबलेली. तिने पातेलंभर नीरफणस आणि खारा मासा शिजवला.

आला एकटा ओझिलियस, कोयता घेऊन.

"बाकीचे कुठे मेले?" तिने विचारलं.

"कोण बाकीचे, बये? सगळे तिकडे सेंट मार्टिन बेटावर हॉटेलांच्या चादरी धुतायत. बोल, कुठून खणू?"

दिवसभर दोघं म्हातारी खणत राहिली. निम्मं रानही झालं नाही.

पुढच्या महिन्यात ओझिलियसनेच सावड बोलावली. मुलाने त्याला गाव सोडून कायमचं आपल्याकडे बोलावून घेतलं होतं. लाकडी घर उतरवून फळ्या विकायला रस्त्यापर्यंत पोचवायच्या होत्या. मी पडलो दारूचा गुत्ता चालवणारा, मला रान नाही, सावडीत मला कोणी धरत नाही. पण राहवेना.

"मा इस्मेन, जाऊ नकोस. तू गेली नाहीस तर म्हातारा चार दिवस तरी थांबेल."

"त्याने माझे मुनवे लावलेत," ती फणकारली. "घरात दडून बसू होय? लाज आहे मला!"

गेली. डोक्यावर चुंबळ ठेवून तिने फळ्या खाली वाहिल्या. संध्याकाळी भिंती नव्हत्या, म्हणून दोघं उघड्या जोत्यावर जेवायला बसली.

"फिटली गं तुझी सावड," ओझिलियस म्हणाला.

इस्मेनचा घास हातातच राहिला. "फिटली," ती म्हणाली. "उरलेल्या रानासाठी आता मी कुणाला हाक मारू?"